काढा कशासाठी आणि कुठवर?

थंडी पडली की घोडनदीकाठचं शिरूर काय आणि भीमेकाठचं दौंड काय, घरटी एक तरी नाक वाहत असतं. उसाची तोडणी ऐन भरात, पहाटे पाचटावर दव, आणि दवाखान्याबाहेर ‘डॉक्टर, एक इंजेक्शन ठोका, उद्या कामावर जायचंय’ म्हणणाऱ्यांची गर्दी. यातल्या शिकल्यासवरल्यांना घरचा काढा हा म्हातारीचा खुळा नाद वाटतो. काढ्याचे भक्त दुसऱ्या टोकाला. त्यांच्या मते आलं-तुळस घरात असताना फ्लूला भ्यायचं कारणच नाही.

आधी पहिल्यांचा आक्षेप. काढ्याने पडसं बरं होत नाही, असं ते म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण मग इंजेक्शनने तरी कुठे होतं? पडसं विषाणूमुळे होतं, अँटिबायोटिक चालतं ते जिवाणूंवर. बाटलीतल्या गोड औषधाला बिनधोक मानणाऱ्यांनी तर 2025 चा सप्टेंबर-ऑक्टोबर आठवावा. मध्य प्रदेशात छिंदवाडा भागात खोकल्याच्या सिरपमधल्या डायइथिलिन ग्लायकॉलने वीसहून अधिक मुलं दगावली. त्यातल्या कित्येकांवर आपल्या नागपुरात उपचार चालू होते. त्यानंतर केंद्राने डॉक्टरांना बजावलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नका आणि पाच वर्षांखाली सहसा टाळा. पाणी, पातळ पदार्थ आणि विश्रांती आधी. आजी याहून वेगळं काय सांगत होती?

‘झाडपाल्यात काय असतं’ असं विचारणाऱ्यांनी बांधावरचा अडुळसा पाहावा. शेळी त्याला तोंड लावत नाही, म्हणून तो कुंपणाला लावतात. त्याचं पान नुसतं चुरगळलं तर रस फारसा निघत नाही. तव्यावर गरम करून, मऊ पडल्यावर फडक्यातून पिळावं लागतं. मग चमचाभर हिरवट, कडूजहर रस हाती येतो आणि तो मधात कालवतात. याच पानातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून जर्मन रसायनतज्ज्ञांनी ब्रोमहेक्सिन घडवलं. ते 1963 मध्ये बाजारात आलं आणि आजही कफ पातळ करायला दिलं जातं. मात्र हेच व्हॅसिसिन गर्भाशयाचं आकुंचन घडवतं, त्यामुळे गरोदर बाईला अडुळसा देऊ नये. ज्याला गुण आहे त्याला अवगुणही असणार.

बाकी काढ्याचं गणित साधं आहे. आयुष मंत्रालयाने एप्रिल 2020 मध्ये जो ‘आयुष क्वाथ’ सुचवला, त्यात तुळस चार भाग, सुंठ दोन, दालचिनी दोन आणि काळी मिरी एक. अशी तीन ग्रॅम पूड दीडशे मिलिलिटर उकळत्या पाण्यात. गोडीला यवत-केडगाव पट्ट्यातल्या गुऱ्हाळाचा गूळ (पिवळाधमक नको, काळसर बघून घ्यावा). धरलेला घसा सुटतो, अंगात ऊब येते, पोटात पाणी जातं. खोकल्यावर मध तर ब्रिटनमधल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनीही 2019 मध्ये मान्य केला. फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला तो चाटवू नये. बोटुलिझम या विषबाधेचा धोका असतो.

आता भक्तांकडे वळू. करोनाच्या काळात ‘इम्युनिटी’ या एका शब्दावर कडुनिंबावर चढलेल्या गुळवेली ओरबाडल्या गेल्या. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी 2021 मध्ये सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली; गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झालेली होती. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष नाकारला, दुसरीच वेल असावी असं म्हटलं. पण बांधावरची वेल कुठली हे ओळखायची खात्री कितीजणांना आहे? रोज, महिनोन्‌महिने, पेलाभर काढा हे घरगुती औषध नव्हे, ती आगळीक आहे. वाफाऱ्याचंही तसंच: उकळत्या पातेल्यावर लेकराला वाकवून पोळून घेण्यापेक्षा नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब बरे.

आणि फ्लू म्हणजे पडसं नव्हे. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला बळी 3 ऑगस्ट 2009 रोजी पुण्यातच गेला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. तेव्हाही लोकांच्या रुमालात कापूर आणि नीलगिरी होतीच. मसाल्याच्या डब्यातल्या चक्रीफुलातून शिकिमिक आम्ल काढून ओसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध बनवत आले आहेत, हे खरं. पण ते कारखान्यात बऱ्याच रासायनिक प्रक्रियांनंतर बनतं. चक्रीफूल उकळून ते मिळत नाही. शिवाय पहिल्या 48 तासांत सुरू केलं तरच त्याचा पुरता उपयोग. तीन दिवस काढ्यावर काढणाऱ्याची ही वेळ टळून गेलेली असते.

तेव्हा नाक गळतंय, घसा खवखवतोय, तर काढा जरूर करा. ताप चढता असेल, धाप लागत असेल, पोर मलूल पडून पाणीही पीत नसेल, तर तडक सरकारी रुग्णालय गाठा. महाराष्ट्र सरकारने 2015 पासून गरोदर स्त्रिया आणि मधुमेह, रक्तदाबाच्या रुग्णांना फ्लूची लस मोफत द्यायला सुरुवात केली. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तिची चौकशी पावसाळ्याआधीच करून ठेवावी.