रुंद रिम : हौस म्हणा, सुरक्षितता म्हणू नका

संपादक महोदय,

‘कमी ऑफसेटच्या रुंद रिम बसवा, गाडी रस्त्याला चिकटेल, तोटा काहीच नाही’ हा आपल्या गेल्या अंकातील लेखाचा सूर दिशाभूल करणारा आहे.

आधी हिशेब. सहा इंची, ईटी ४५ (म्हणजे ४५ मिलिमीटर ऑफसेट) रिमच्या जागी साडेसात इंची, ईटी २५ घातली, तर बाहेरची कड लेखक म्हणतात तशी २० नव्हे, सुमारे ३९ मिलिमीटर बाहेर येते. रुंदीतली निम्मी वाढ ते धरायलाच विसरले. मागे तिघे बसले आणि गाडी खड्ड्यात आदळली, की टायरचा खांदा मडगार्डच्या दुमडलेल्या पत्र्यावर घासून सोलवटतो.

चाकांमधले अंतर वाढल्याने वळणावर वजन थोडे कमी सरकते, एवढे मान्य. पण स्टिअरिंगचा अक्ष आणि टायरचा मध्य यांतले नातेही बिघडते. एक चाक खड्ड्यात गेले, की स्टिअरिंग हाताला हिसका देते. बेअरिंगवरचा ताण वाढतो तो वेगळाच. ‘अलाइनमेंट करून घ्या’ हा त्यावर इलाज नव्हे. त्याने ऑफसेट बदलत नाही.

‘कायद्याची आडकाठी नाही’ हेही धाडसी विधान. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ बाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. बेकायदा बदलासाठी कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

रुबाबासाठी रिम बदलायची तर तसे सरळ म्हणावे.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर