माजी सैनिकांची लढाई कागदाशी

एका बाजूला दापोडीचे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय व खडकीची छावणी, दुसऱ्या बाजूला भोसरीची औद्योगिक वसाहत, मध्ये कासारवाडी. ऐन उमेदीत लष्करातून निवृत्त झालेला जवान मुलांच्या शिक्षणासाठी अशा परिसरात बिऱ्हाड करतो आणि भोसरी-चाकणच्या एखाद्या कारखान्याच्या दारावर सुरक्षारक्षक म्हणून उभा राहतो. अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाचा त्याचा अर्ज फेटाळला गेला, तर पुढे काय करायचे हे सांगणारे मात्र त्याच्या जवळपास कोणी नसते.

या अज्ञानाची किंमत मोठी असते. तरसेमसिंग या जवानाला १९८३ मध्ये वैद्यकीय कारणास्तव सेवेतून मुक्त करण्यात आले. न्यायालयात तो गेला १९९९ मध्ये. त्याचा हक्क मान्य झाला. पण २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने थकबाकी याचिकेपूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मर्यादित केली. उरलेल्या वर्षांची रक्कम विलंबाने गिळली.

२००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण स्थापन झाले. त्याचे खंडपीठ मुंबईतही आहे. परंतु तेथे जाण्यापूर्वी खात्यांतर्गत उपाय करून पाहावे लागतात आणि अंतिम आदेशानंतर साधारणपणे सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. आजार सेवेमुळे उद्भवला वा बळावला काय, हा खरा वादाचा मुद्दा. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान निरोगी होता असे गृहीत धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीरसिंग प्रकरणी स्पष्ट केले. २०२३ मध्ये पात्रतेचे नियम बदलले. त्यामुळे आता निवृत्तीची तारीखही महत्त्वाची ठरते. म्हणजेच दाव्याचे भवितव्य युक्तिवादाच्या आधी वैद्यकीय मंडळाच्या कागदपत्रांत आणि पहिल्या अपिलाच्या मसुद्यात ठरते.

मोफत विधी साहाय्याचा १९८७ चा कायदा येथे अर्धवटच उपयोगी पडतो. त्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया व अपंग व्यक्ती पात्र आहेत. त्यामुळे वीरपत्नीला वा अपंग जवानाला मदत मिळू शकते. ‘माजी सैनिक’ असा स्वतंत्र वर्ग मात्र त्या कलमात नाही. ही उणीव काही अंशी भरून काढणारी ‘वीर परिवार सहायता योजना’ राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २६ जुलै २०२५ रोजी, कारगिल विजयदिनी, श्रीनगर येथे सुरू केली. सैनिक कल्याण कार्यालयांत विधी सेवा केंद्रे उभारणे हा तिचा गाभा आहे.

प्रश्न मनुष्यबळाचा आहे. विधी महाविद्यालयांनी विधी साहाय्य केंद्र चालवावे, असे बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत आहे. १९८७ च्या कायद्यानेही अशा केंद्रांना उत्तेजन देण्याचे काम प्राधिकरणावर सोपविले आहे. अधिवक्ता कायद्यामुळे विद्यार्थ्यांना वकिली करता येत नाही, हे खरे. पण सेवापुस्तिका व वैद्यकीय नोंदी मागविणे, माहिती अधिकाराचा अर्ज लिहिणे, मुदती सांभाळणे आणि अपिलाचा मसुदा वकिलाच्या देखरेखीखाली तयार करणे यांस कोणता अडथळा आहे? अमेरिकेत व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी विधी महाविद्यालयात २००८ पासून विद्यार्थी माजी सैनिकांच्या अपंगत्वाच्या दाव्यांवर काम करीत आहेत.

पुण्यात १९२४ पासूनचे आयएलएस विधी महाविद्यालय आहे, इतरही अनेक आहेत. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे मुख्यालयही पुण्यातच आहे. लोकलने कासारवाडी त्यांच्यापासून दूर नाही. तरीही पाळ्यांत काम करणारा सुरक्षारक्षक कामाच्या दिवशी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवू शकत नाही. त्याच्यासाठी केंद्र रविवारी उघडे हवे, वस्तीजवळ हवे आणि विद्यार्थी बदलले तरी प्रकरणाची नोंदवही तीच राहायला हवी. परीक्षेच्या वेळापत्रकाप्रमाणे उघडणारी आणि बंद होणारी मदत सहा महिन्यांच्या मुदतीपुढे टिकणार नाही. योजना कागदावर आली आहे. आता ती जवानाच्या कागदांपर्यंत पोहोचली पाहिजे.