बॅकअप का रांगतो?

दिवाळी जवळ आली की घरोघरी माळे झाडले जातात आणि ट्रंकांतली कागदपत्रे उन्हात येतात. हल्ली मात्र घरातली खरी ट्रंक टेबलावर असते. मुलांच्या बारशापासूनची छायाचित्रे, कर्जाचे हिशेब, आयकराची विवरणे, आजोबांच्या आवाजातले एखादे ध्वनिमुद्रण, सारे काही कॉम्प्युटरच्या पोटात! शहाणे गृहस्थ त्याला बाहेरून एक डिस्क जोडतात, बॅकअप आपोआप व्हावा अशी सोय करतात आणि निर्धास्त होतात. पुढे लक्षात येते, की सकाळी सुरू झालेला बॅकअप रात्रीच्या पानांपर्यंत चाललाच आहे. मग कोणीतरी वैतागून तो बंद करते, पुन्हा सुरू करायचे राहून जाते, आणि मूळ डिस्कने दगा दिला की हाती काही उरत नाही. म्हणून या दुखण्याकडे वेळीच पाहावे.

प्रथम हे दुखणे आहे की नाही, ते ठरवू. पहिला बॅकअप म्हणजे सबंध बिऱ्हाड हलवणे. त्याला वेळ लागायचाच. यूएसबी २.० या जुन्या पद्धतीचा वेग कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट असला, तरी प्रत्यक्षात ३०-४० मेगाबाइटच पदरी पडतात. त्या हिशेबाने ५०० गीगाबाइटना सुमारे ४ तास लागतात. यूएसबी ३.० असेल आणि डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट लिहीत असेल, तर तेच काम दीड तासात उरकते. बॅकअप इंटरनेटवरून दूर पाठवत असाल आणि पाठवण्याचा वेग १० मेगाबिट असेल, तर मात्र साडेचार दिवसांहून अधिक धीर धरावा लागेल. त्यातून हजारो बारीकसारीक फायली असल्या की वेग आणखी घटतो. एक पोते उचलणे सोपे, सांडलेले तांदूळ वेचणे कठीण, तसेच हे.

त्यानंतरचे बॅकअप मात्र झटपट व्हायला हवेत. मॅकवरील ‘टाइम मशीन’ (२००७) काय किंवा विंडोजमधील ‘फाइल हिस्टरी’ (२०१२) काय, एरवी दर तासाला नव्या आणि बदललेल्या फायलींचीच प्रत करतात. तेथेही रोज तासन् तास लागत असतील, तर कोठेतरी पाणी मुरते आहे असे समजावे.

ते शोधण्याची एक सोपी परीक्षा आहे. एखादा ५ गीगाबाइटचा चित्रपट हाताने त्या डिस्कवर उतरवावा आणि घड्याळ पाहावे. दोन-तीन मिनिटांत काम झाले, तर तार आणि डिस्क बहुधा ठीक आहेत. पाव तास लागला, तर आधी तार बदलावी, मधला हब काढून डिस्क थेट कॉम्प्युटरला जोडावी आणि दुसरे भोक वापरून पाहावे. एवढ्यानेही फरक पडला नाही, वर डिस्क टकटक आवाज करू लागली किंवा फायली वाचताना अडू लागली, तर प्रयोग तेथेच थांबवावेत. ती डिस्क आता भरवशाची राहिलेली नाही. नवी आणावी आणि पुन्हा मिळणार नाहीत अशा वस्तूंची प्रत तिच्यावर सर्वांत आधी करावी.

हाताने केलेली प्रत झरझर होते आणि बॅकअप तेवढा रेंगाळतो, असे असेल तर कारणे निराळी. एखादी अवाढव्य फाइल, उदाहरणार्थ सगळ्या टपालाचा साठा, रोज थोडीशी बदलते आणि कित्येक पद्धतींत रोज सबंध उतरवली जाते. ती वगळून तिची प्रत आठवड्यातून एकदा वेगळी करावी. विषाणुरोधक प्रोग्राम प्रत्येक फाइल तपासत बसतो. त्याला बॅकअपच्या डिस्कपुरती सूट द्यावी, तो सरसकट बंद करू नये. कॉम्प्युटर झोपी गेला की कामही थांबते. पहिल्या रात्री त्याला जागा ठेवावा. डिस्क गच्च भरली असेल, तर जुन्या प्रती पुसण्यातच वेळ जातो. कॉम्प्युटरच्या साठ्याच्या निदान दुप्पट डिस्क असावी. शिवाय मॅक आपल्या कामात व्यत्यय नको म्हणून बॅकअप मुद्दामच सावकाश चालवतो. तेव्हा रात्री निजताना त्याला मोकळे सोडावे.

बॅकअप वेगाने होऊ लागला, तरी दोन कामे राहतातच. प्रतीतून एखादे छायाचित्र परत काढून ते नीट उघडते ना, हे पाहावे. परत न मिळणारी प्रत काय कामाची? दुसरे, एक प्रत घराबाहेर असू द्यावी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा पुरात टेबलावरचा कॉम्प्युटर आणि शेजारच्या खणातली डिस्क एकदमच बुडतात. भाऊबीजेला बहिणीकडे जाल, तेव्हा ओवाळणीबरोबर एक डिस्कही तिच्या कपाटात ठेवून या, आणि तिची आपल्या घरी आणा. पुढच्या भाऊबीजेपर्यंत मात्र थांबू नका. दोन-तीन महिन्यांनी भेट झाली, की प्रत ताजी करून घ्या.