उसनी घेतलेली खिडकी : अड्याळसारख्या गावांचा दूरसंवाद

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील अड्याळ हे पंचक्रोशीला आधार देणारे गाव. येथे ग्रामीण रुग्णालय आहे, शाळा आहेत, बाजार आहे. तरीही तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला, विद्यापीठातील प्राध्यापकांचे मार्गदर्शन किंवा वरिष्ठ अधिकाऱ्यांशी बोलणे हवे असेल, तर भंडारा किंवा नागपूर गाठावे लागते. धानाच्या रोवणीच्या दिवसांत एका बैठकीसाठी मजुरी बुडवणे कुटुंबाला परवडत नाही. म्हणून आम्ही एक साधा प्रश्न वाचकांपुढे ठेवू इच्छितो : माणसाने प्रवास करण्याऐवजी त्याचा आवाज प्रवास करू शकणार नाही काय?

'हातोहाती मोबाईल आहेत, मग अडचण कोणती?' असे कोणी विचारील. मोबाईल एका माणसासाठी आहे. वीस-पंचवीस जण एकत्र बसून पलीकडच्या माणसांशी बोलू लागले की मागच्यांना दिसत नाही, पुढच्यांचे ऐकू येते तेवढेच पलीकडे पोचते आणि ध्वनिवर्धकातला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरून प्रतिध्वनी उठतो. समूहसंवादाला खोली दाखवणारा कॅमेरा, प्रतिध्वनी गाळणारा मायक्रोफोन, मोठा पडदा, प्रोजेक्टर आणि वीज गेल्यास काही काळ तग धरणारी बॅटरी लागते. शिवाय जोडणी दोन्ही दिशांनी वेगवान हवी. आपण चित्रपट पाहतो तेव्हा माहिती केवळ आपल्याकडे येते. संवादात ती आपल्याकडून जावीही लागते. नेमकी हीच दिशा अनेक ठिकाणी दुबळी असते.

या तंत्राचा इतिहास बोलका आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत 'अ‍ॅक्सेस ग्रिड' ही व्यवस्था आकारास आली. वेगवान जाळ्यांच्या आधारे दूरदूरच्या संशोधकांचे गट एकाच खोलीत असल्यासारखे काम करू लागले. प्रत्येक विभागाला अशी सुसज्ज खोली उभारणे शक्य नव्हते. अशा वेळी एका ठिकाणाहून दुसरीकडे नेता येणारा व गरजेपुरता उसना घेता येणारा संच हा शहाणपणाचा मार्ग ठरतो. आपल्या देशात मार्च २०१० मध्ये 'नॅशनल नॉलेज नेटवर्क'ला मंजुरी मिळाली व उच्च शिक्षण आणि संशोधन संस्था वेगवान जाळ्याने जोडल्या गेल्या. ग्रामपंचायतींसाठी २०११ मध्ये मंजूर झालेली प्रकाशतंतूंची योजना पुढे 'भारतनेट' म्हणून ओळखली जाऊ लागली. २०२३ मध्ये तिच्या सुधारित स्वरूपासाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. रस्ता बांधण्यावर खर्च होत आहे. परंतु त्या रस्त्यावरून चालणारी बैलगाडी कोणाच्या दारी आहे?

प्रत्येक गावाने असा संच विकत घ्यावा, असे आम्ही म्हणणार नाही. महिन्यातून दोनदा वापरले जाणारे साधन उरलेले दिवस धूळ खाते आणि दोन वर्षांत जुने होते. आपल्या ग्रामजीवनात याचे उत्तर आधीपासून आहे. लग्नाची मोठी भांडी घरोघरी नसतात, ती गावाची असतात. शेतीच्या कामात 'सावड' असते. अलीकडे ट्रॅक्टर व मळणी यंत्रांसाठी 'अवजार बँक' आली. त्याच धर्तीवर आठ-दहा गावांत मिळून एक फिरता संच का असू नये?

यात पणाला काय लागले आहे, हे समजण्यासाठी दूर जावयास नको. याच पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण उभे आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी त्याची पायाभरणी झाली आणि पुनर्वसनाचे प्रश्न लोकांनी वर्षानुवर्षे वाहिले. अशा प्रश्नांत एक-दोन प्रतिनिधी नागपूरला जाऊन येतात, ऐकलेले गावाला सांगतात आणि मग 'साहेब नेमके काय म्हणाले' यावरून गावात दुफळी माजते. तेच उत्तर साऱ्यांनी एकाच वेळी ऐकले, तर प्रत्येक जण साक्षीदार होतो. समूहसंवादाचे खरे मोल वाचलेल्या प्रवासखर्चापेक्षा या सामाईक साक्षीत अधिक आहे.

आरोग्याच्या बाबतीत मात्र विवेक हवा. नोव्हेंबर २०१९ पासून 'ई-संजीवनी'द्वारे आरोग्य केंद्रातील कर्मचारी दूरच्या डॉक्टरांचा सल्ला घेऊ लागले. मार्च २०२० मध्ये केंद्र शासनाने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली व त्यांत रुग्णाच्या संमतीला आणि गोपनीयतेला महत्त्व दिले. रुग्णाची तपासणी ही सभागृहातील गोष्ट नव्हे. पण आशा कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण, मातांसाठी आहाराचे मार्गदर्शन, व्यसनमुक्तीवरील चर्चा यांसाठी असा संच निश्चित उपयोगी पडेल.

दोन धोक्यांकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. पहिला असा की पडदा एकतर्फी होतो : पलीकडून भाषण, अलीकडे शांतता. म्हणून मायक्रोफोन श्रोत्यांत फिरला पाहिजे आणि अर्धा वेळ त्यांच्या प्रश्नांसाठी राखला पाहिजे. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. 'पडद्यावर भेटलो' म्हणून अधिकारी गावात येणेच थांबवतील. पडद्यावर बुडालेले शेत दिसेल, त्याचा चिखल पायाला लागणार नाही. म्हणून हा संवाद प्रत्यक्ष भेटीची पूर्वतयारी ठरावा, तिचा पर्याय नव्हे.

व्यवस्था साधी असावी. संच एका मजबूत पेटीत राहील. नेण्या-आणण्याची नोंदवही असेल. प्रत्येक गावातील दोन तरुण-तरुणी तो जोडण्यास शिकतील. बैठकीच्या आदल्या दिवशी चाचणी होईल. मोडतोडीसाठी थोडी अनामत घ्यावी. बैठक शक्यतो जेथे तंतूची जोडणी चालू आहे, त्या इमारतीत किंवा तिच्या शेजारी घ्यावी.

२०२० च्या टाळेबंदीत मिस्सा पडद्यावरून घरोघरी पोचली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी ही साधने प्रथम हाताळली. त्या काळी घेतलेले कॅमेरे व मायक्रोफोन आपल्या धर्मग्रामात वा शाळेत कपाटबंद असतील, तर ती जात-धर्म न पाहता शेजारच्या गावाला उसनी देण्याचा विचार व्हावा. धर्मग्रामाच्या पुढील सभेत कपाट उघडून त्यातील वस्तूंची यादी करावी. प्रारंभ तेवढ्यानेही होईल.