दात कुणाचा ते नंतर, आधी जागा लिहा

शिक्षक मित्रांनो, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत मुलं शाळेत काय घेऊन येतील, सांगता येत नाही. कधी मोराचं पीस, तर कधी त्रिकोणी चकचकीत दगड. ‘सर, हा शार्कचा दात आहे ना?’ आपण एकतर ‘हो’ म्हणतो, नाहीतर ‘फेकून दे’. माझ्या मते दोन्ही उत्तरं चूक आहेत.

शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो. तो सहसा टिकत नाही, दात मात्र टिकतात. वरचा भाग गुळगुळीत, चकाकणारा आणि मूळ खडबडीत, ही पहिली खूण. करवतीसारखी कड सगळ्याच जातींत नसते. पण नुसत्या आकारावर जाऊ नका. दगड कोणत्या थरातला, हे जास्त महत्त्वाचं.

क्रिटेशस काळ म्हणजे साधारण १४.५ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्या काळातल्या समुद्री शार्कचे दात तमिळनाडूत तिरुचिरापल्ली-अरियालूर भागात मिळतात, कारण तिथले थर समुद्रात साचले. आपल्या वरोरा तालुक्यातलं पिसदुरा त्याच काळाच्या शेवटचं. पण ते थर नदी-तळ्यांचे. तिथे डायनोसोरची हाडं, कासवं, मासे सापडतात. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातले कोटा थर त्याहून जुने, ज्युरासिक. त्यांत लहान शार्कचे बारीक दात मिळाले आहेत. म्हणजे जागा कळली तरच दाताचं वय कळतं.

पिसदुऱ्याचंच बघा. तिथली मोठी बातमी हाडांतून नाही, विष्ठेतून निघाली! २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दगड झालेल्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण दाखवले. डायनोसोरच्या काळात गवत होतं, हे त्यातून कळलं. तोच गोळा कुणी शोकेससाठी उचलून नेला असता, तर?

जागेची नोंद नसलेला जीवाश्म म्हणजे पत्ता फाटलेलं पत्र. म्हणून मुलांना एवढंच शिकवूया: वस्तू जागेवरच राहू द्या. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. गाव, शेत, नाला, तारीख वहीत लिहा. मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला किंवा जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागाला कळवा.

शाळेच्या कपाटात दगड नसला तरी चालेल. वहीत नोंद हवी.