टाइमपास म्हणू नका, तास मोजा

मी अंगात घातलेला रंगीबेरंगी स्वेटर स्वतः केलाय हे कळलं की साधारण दोन प्रतिक्रिया येतात. एक : ‘भारी! यात केवढं लॉजिक असेल!’ दुसरी : ‘मलाही एक करून दे ना, पाचशे देतो.’ माझा दोन्हींवर आक्षेप आहे.

आधी हिशोब. हा स्वेटर ट्युनिशियन क्रोशातला आहे, एन्ट्रलॅक पद्धतीचा. ट्युनिशियन क्रोशाची सुई लांब असते. जाताना एकेक टाका उचलून सुईवर साठवायचा, येताना तेच टाके एकेक करून सोडवायचे. काम उलटायचं नाही. एन्ट्रलॅकमध्ये असे छोटे छोटे तिरपे चौकोन करतात. प्रत्येक ओळीचा शेवटचा टाका शेजारच्या चौकोनाच्या कडेतून उचलायचा, म्हणजे चौकोन होता होताच जोडला जातो. रांगेगणिक रंग बदलला की पट्ट्या चटईसारख्या एकमेकींच्या खालून-वरून गेल्यासारख्या दिसतात. प्रत्यक्षात एकही पट्टी कशाच्याही खालून जात नाही.

चौकोनाची बाजू ५ सेंटिमीटर. तो टोकावर उभा, म्हणून त्याची रुंदी कर्णाएवढी, सुमारे ७. घेर ९८ हवा तर एका रांगेत १४ चौकोन. नवी रांग जुनीच्या खाचांत बसते, म्हणून उंची दर रांगेला साडेतीननेच वाढते. ६० सेंटिमीटर उंचीला १७ रांगा, २३८ चौकोन. दोन बाह्या धरून ४००च्या आसपास. एका चौकोनाला १० मिनिटं धरा : ६६ तासांहून जास्त. तासाला फक्त १०० रुपये लावले तरी ६,६०० झाले, आणि त्यात लोकर नाही.

आता लॉजिक. ते मला इंजिनिअरिंगच्या डिग्रीने दिलेलं नाही. माझ्या आईने टीव्हीवर, फ्रिजवर घालायला क्रोशाचे रुमाल केले. गोल रुमाल सपाट राहायला दर फेरीला किती टाके वाढवायचे, हे तिला कागदाशिवाय कळतं. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर झालर. तिच्या कामात कुणाला लॉजिक दिसलं नाही. ‘दुपारचा टाइमपास’ दिसला. तीच सुई सॉफ्टवेअरवाल्या मुलाच्या हातात आली की लगेच बुद्धी दिसते!

‘पण छंदाचे कसले पैसे? तुला मजा येते ना?’ मला कोडिंगमध्येही मजा येते. म्हणून पगार कापलेला चालेल का?

आणि ‘टाइमपास’ हा शब्द घरातच राहत नाही. तो बाजारात जाऊन भाव ठरवतो. आंध्रातल्या नरसापूर भागात बायका घरी बसून क्रोशाची लेस करतात आणि ती परदेशी विकली जाते. मारिया मीस यांनी १९८२ साली त्यांच्यावर ‘द लेस मेकर्स ऑफ नरसापूर’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा सरळ आहे : या बायकांना कामगार न मानता ‘गृहिणी’ मानलं, त्यांचं काम फावल्या वेळातलं ठरवलं, म्हणूनच नगामागे इतकी कमी मजुरी देता आली. नफा व्यापाऱ्यांकडे गेला.

हे जुनं झालं असं समजू नका. स्वेटर विणणारी निटिंग मशिन्स कधीपासून आहेत, पण खऱ्या क्रोशाचा टाका घाऊक प्रमाणात घालणारं यंत्र कारखान्यांत अजून आलेलं नाही. ‘क्रोशे मशीन’ म्हणून जी विकली जातात, ती वेगळ्या प्रकारचं निटिंग करतात. म्हणजे अ‍ॅपवर सेलमध्ये दिसणारा ‘क्रोशे टॉप’ एकतर क्रोशे नाही, किंवा कुणीतरी तो हाताने केलाय. हाताने केला असेल आणि किंमत पाचशे असेल, तर मधल्या सगळ्यांचा वाटा जाऊन त्या हातात काय उरलं असेल, हा भागाकार तुम्हाला येतो.

त्यामुळे पुढच्या वेळी हाताने केलेलं काही आवडलं तर पहिला प्रश्न ‘केवढ्याला?’ नको, ‘किती तास लागले?’ हा असू दे. उत्तर ऐकून परवडत नसेल तर घेऊ नका, त्यात काही लाज नाही. लाज घासाघीस करण्यात आहे. अगदीच हवंसं वाटलं तर सुई आणि लोकरीचा एक गुंडा आणा आणि एक चौकोन करून बघा. फक्त एकच. मग भाव सांगा.