बंदूक सरकारी, तयारी बेवारस

2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री यवतमाळ जिल्ह्याच्या राळेगाव तालुक्यातील बोराटी परिसरात टी-1 वाघीण, म्हणजेच अवनी, गोळीने मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यातील शेतमजुरांनी दोन वर्षे जीव मुठीत धरून काढली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आले होते आणि आदेश निःसंदिग्ध होता: आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न, तो फसला तरच गोळी. प्रत्यक्षात काय घडले, हे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीतून बाहेर आले. ज्याच्या नावे अधिकार होता तो शिकारी घटनास्थळी नव्हता. गोळी झाडली ती त्याच्या मुलाने. सोबत पशुवैद्यक नव्हता. डार्टमधील भुलीच्या औषधाची विहित मुदत केव्हाच उलटून गेली होती. तेरा बळी गेल्यावरही महाराष्ट्र शासनाला स्वतःच्या सेवेतील एक प्रशिक्षित, उत्तरदायी नेमबाज या जिल्ह्यात उभा करता आला नाही. त्याला बंदूक भाड्याने आणावी लागली आणि त्या बंदुकीवर हुकमतही ठेवता आली नाही.

तेव्हा वाद रंगला तो वन्यजीवप्रेमी आणि गावकरी यांच्यात. मूळ प्रश्न मात्र अस्पर्शित राहिला. राज्यसंस्थेच्या नावाने चाप ओढणाऱ्या माणसाची तयारी कोणी करून घेतली, कोणी तपासली आणि त्याचा दाखला कोठे आहे, हाच तो प्रश्न. वनखात्याला त्या रात्री त्याचे उत्तर देता आले नाही. पोलीस खात्याची स्थिती निराळी असेल अशी समजूत करून घेणे, हे या जिल्ह्याला परवडणारे नाही.

यवतमाळ हा सोळा तालुक्यांचा, साडेतेरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक विस्ताराचा जिल्हा. दक्षिणेला पैनगंगा आणि तिच्यापलीकडे तेलंगणा; पूर्वेला वणीच्या कोळसा खाणी आणि त्यांच्याभोवती फिरणारा काळा पैसा; मधून जाणारा नागपूर-हैदराबाद महामार्ग; शेजारी दारूबंदीचा वर्धा जिल्हा. देशी कट्टा येथे आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. 25 सप्टेंबर 2015 रोजी पुसदमध्ये ईदच्या बंदोबस्तावर उभ्या असलेल्या पोलिसांवर एका तरुणाने भररस्त्यात सुरीने वार केले. दोन पावलांवरून, गर्दीतून, क्षणार्धात. त्या क्षणी पोलिसाने काय करायचे असते? शस्त्र काढायचे की आधी अंतर राखायचे? गोळी झाडली तर ती हल्लेखोराच्या पलीकडे उभ्या असलेल्या निरपराध माणसाला लागणार नाही, याची खात्री कशी करायची? हे प्रश्न रस्त्यावर पहिल्यांदा पडत असतील, तर उत्तर चुकणार हे ठरलेलेच आहे.

आपल्याकडे या प्रश्नांची उत्तरे कोठे शिकवली जातात, ते पाहावे. जिल्हा पोलिसांचा वार्षिक गोळीबार सराव ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना हे दृश्य परिचित असेल. सकाळी गाडी चांदमारीवर पोहोचते. लाल झेंडा लागतो. अंमलदार रांगेने पोटावर झोपतात. समोर, ठरलेल्या अंतरावर, एक अचल पुठ्ठ्याचे लक्ष्य असते. ठरवून दिलेले राऊंड संपतात, भोके मोजली जातात. मग सर्वांत काटेकोर काम सुरू होते: गवतातून रिकाम्या पुंगळ्या वेचून त्यांचा हिशेब जुळवणे. एक पुंगळी कमी भरली तर संध्याकाळपर्यंत शोध चालतो. त्या अंमलदाराचा नेम किती ढळला, याचा शोध इतक्या चिकाटीने कोणी घेत नाही. नोंद होते, वर्ष भरते, आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी बंदोबस्ताला, आरोपींची ने-आण करणाऱ्या आरोपी पार्टीला किंवा कोषागाराच्या गार्डला उभा राहतो. ज्याला पोटावर झोपून, दिवसाउजेडी, विनाघाई गोळी झाडण्याचाच सराव आहे, त्याच्याकडून आपण अपेक्षा करतो ती काळोखात, धावत, धाप लागलेल्या अवस्थेत, माणसांच्या गर्दीत अचूक निर्णय घेण्याची.

प्रगत शस्त्रप्रशिक्षण म्हणजे अधिक गोळ्या आणि अधिक भारी बंदुका, असा एक सोयीस्कर गैरसमज रूढ झाला आहे. वस्तुतः या शिक्षणाचा गाभा संयमाचा आहे. हल्लेखोर आणि ओलीस एकाच चौकटीत दिसत असताना बोट चापाबाहेर ठेवता येणे. आडोशाचा उपयोग करून वेळ मिळवणे. अडकलेले काडतूस डोळे न हलवता मोकळे करणे. कमरेचे पिस्तूल कोणी हिसकावू पाहिले तर ते वाचवणे. गाडीत, जिन्यात, अरुंद खोलीत सहकाऱ्याच्या नळीच्या रेषेत न येणे. आणि गोळी लागलेल्या माणसाचा, मग तो आरोपी का असेना, रक्तस्राव पहिल्या काही मिनिटांत थांबवणे. यातील एकही गोष्ट पुठ्ठ्यापुढे झोपून येत नाही. ब्रिटनमध्ये बहुतांश पोलीस आजही निःशस्त्र असतात. ज्यांना शस्त्र दिले जाते त्यांना ठरावीक मुदतीने पुन्हा परीक्षा द्यावी लागते आणि उत्तीर्ण न होणाऱ्याचे शस्त्र काढून घेतले जाते. आपल्याकडे शस्त्र पदाबरोबर येते आणि निवृत्तीबरोबर जाते. दरम्यान पात्रता कोणी विचारत नाही.

या बेपर्वाईचे मोल महाराष्ट्राने वारंवार मोजले आहे. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा माणसे गेली. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. 9 ऑगस्ट 2011 रोजी मावळात जलवाहिनीला विरोध करणारे तीन शेतकरी पोलिसांच्या गोळीला बळी पडले. जमावापुढे आपला पोलीस घाबरला की गोळीकडे किती लवकर वळतो, हे या दोन तारखा सांगतात.

26 नोव्हेंबर 2008 ची रात्र याच दुखण्याची दुसरी बाजू दाखवते. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन दहशतवादी एके-47 घेऊन पन्नासहून अधिक माणसे मारत फिरले. त्यांच्यासमोर होत्या लाठ्या आणि पॉइंट 303 रायफली. त्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीपुढे आलेली बाब अधिक लाजिरवाणी होती: दारूगोळ्याच्या टंचाईमुळे पोलिसांचा नेमबाजीचा सरावच खंडित झाला होता. तुकाराम ओंबळे यांनी उघड्या हातांनी कसाबच्या रायफलीची नळी धरली. त्या शौर्यापुढे देश नतमस्तक झाला आणि ते योग्यच झाले. परंतु आपल्या दिवाळखोरीची भरपाई कर्मचाऱ्याच्या प्राणांनी करून घेणाऱ्या व्यवस्थेने त्या हौतात्म्याआड लपावे, हे अक्षम्य आहे. त्यानंतर 2009 मध्ये फोर्स वन हे कमांडो दल उभे राहिले, मुंबईत. यवतमाळच्या पोलीस ठाण्यातल्या शिपायापर्यंत त्यातले काय झिरपले?

आणि अलीकडचे बदलापूर प्रकरण. 23 सप्टेंबर 2024 रोजी पोलिसांच्या गाडीत आरोपीचा गोळीने मृत्यू झाला. आरोपीने अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावले, असे पोलिसांचे म्हणणे. प्रशिक्षित पोलिसांना एक माणूस आवरला कसा नाही, गोळी डोक्यातच का, असे प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाने तेव्हा विचारले. पोलिसांचे कथन खरे मानले तर शस्त्र जपण्याचे प्राथमिक शिक्षणही गाडीतल्या कोणाकडे नव्हते. खोटे मानले तर त्याहून भयंकर गोष्ट मान्य करावी लागते. दोन्ही वाटा खात्याच्या अब्रूवरून जातात. विशेष म्हणजे चकमकींतील मृत्यूंच्या तपासाबाबत सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच प्रकरणात सोळा मार्गदर्शक सूत्रे घालून दिली ती 23 सप्टेंबर 2014 रोजी, म्हणजे बरोबर दहा वर्षे आधी. गोळीनंतरच्या चौकशीची पद्धत दशकापूर्वी ठरली. गोळीपूर्वीच्या शिक्षणाची पद्धत ठरवायला आणखी किती मृतदेह हवे आहेत?

उत्तम शिक्षण या राज्याला देता येत नाही, अशातला भाग नाही. विदर्भातल्याच गडचिरोलीत 1990 मध्ये नक्षलविरोधी सी-60 पथक स्थापन झाले. स्थानिक तरुण, स्थानिक भाषा, जंगलाची ओळख आणि अखंड सराव यांवर ते उभे राहिले. 13 नोव्हेंबर 2021 रोजी मर्दिनटोल्याच्या चकमकीत या पथकाने 26 नक्षलवाद्यांना टिपले. त्यांत मिलिंद तेलतुंबडे होता, मूळचा याच जिल्ह्यातील वणी तालुक्यातल्या राजूरचा. नागपूरजवळ सुराबर्डी येथे अपारंपरिक अभियानांचे प्रशिक्षण केंद्र आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये नक्षलवादी नेता भूपती आपल्या साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला आणि सशस्त्र नक्षलवादाचा उतार स्पष्ट झाला. साडेतीन दशकांच्या रक्तातून आलेले हे कौशल्य आता कोणाच्या उपयोगी पडणार? ते जपणारे प्रशिक्षक निवृत्त होतील, पथके विखुरतील, ज्ञान हवेत विरून जाईल. आणि यवतमाळ जिल्ह्यातील हवालदार वर्षातून एकदा पोटावर झोपून पुठ्ठ्याला भोके पाडत राहील. एकाच गणवेशात दोन जातींचे पोलीस आपण निर्माण केले आहेत: एक चकमकीसाठी घडवलेला, दुसरा नशिबावर सोडलेला. सामान्य नागरिकाची गाठ रोज पडते ती दुसऱ्याशी.

मनुष्यबळ अपुरे, बंदोबस्त अखंड, प्रशिक्षणासाठी माणूस मोकळा करता येत नाही, ही सबब पोलीस मुख्यालयापासून मंत्रालयापर्यंत पाठ झालेली आहे. ती खरी असली तरी चालणारी नाही. गणपती, निवडणुका, मोर्चे आणि मंत्र्यांचे दौरे यांसाठी माणसे मिळतात. शिकण्यासाठी मिळत नाहीत, कारण न शिकल्याचा जाब कोणालाच द्यावा लागत नाही. गोळी चुकली की शिपाई निलंबित होतो. त्याला अप्रशिक्षित ठेवणाऱ्या साखळीतील एकाही अधिकाऱ्याला नोटीस जात नाही. अशा कारवाईला शिस्त म्हणता येणार नाही. ती बळीचा बकरा शोधण्याची रीत आहे. तिचा दुसरा परिणाम अधिक घातक. शिक्षा फक्त गोळी झाडणाऱ्याला होते हे कळलेला पोलीस उद्या झाडायलाच हवी तेव्हाही झाडणार नाही, आणि कट्टा घेऊन उभा असलेला गुन्हेगार हे ओळखून असेल.

म्हणून मागण्या नेमक्या आहेत. यवतमाळ जिल्ह्यात हलत्या लक्ष्यांची आणि अंधुक प्रकाशातील सरावाची सोय असलेली चांदमारी हवी. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीने वार्षिक योजनेत तिच्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी. सी-60 आणि सुराबर्डीचे अनुभवी प्रशिक्षक ठरावीक काळासाठी येथे आणावेत, जंगलयुद्ध शिकवण्यासाठी नव्हे, तर ठाण्यातल्या, महामार्गावरच्या, आरोपी पार्टीतल्या पोलिसाला त्याच्या रोजच्या प्रसंगांचा सराव देण्यासाठी. शस्त्र बाळगणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून किमान दोनदा पात्रता-परीक्षा व्हावी; तीत नेमाइतकेच गुण न झाडण्याच्या निर्णयाला असावेत; जो उत्तीर्ण होणार नाही त्याचे शस्त्र त्याच दिवशी शस्त्रागारात जमा व्हावे, मग त्याच्या खांद्यावर कितीही तारे असोत. सरावाच्या काडतुसांचा कोटा वर्षाच्या आरंभी जिल्ह्याला पोहोचावा. वनखात्याच्या बचाव पथकांनाही याच व्यवस्थेत सामावून घ्यावे. टिपेश्वर अभयारण्यातले वाघ सीमारेषा पाळत नाहीत आणि पुढच्या वेळी पुन्हा परराज्यातून बंदूक मागवण्याची नामुष्की नको.

आणि पोलीस अधीक्षकांनी दरवर्षी तीन आकडे जिल्ह्यापुढे ठेवावेत: किती जणांकडे शस्त्र आहे, त्यांपैकी किती जणांनी त्या वर्षी पात्रता सिद्ध केली, आणि किती जणांचे शस्त्र जमा केले गेले. कोठे, कोणते, किती, हा गोपनीय तपशील कोणी मागत नाही. हे तीन आकडे द्यायला गृहखात्याची परवानगी लागत असेल तर ती येत्या अधिवेशनात जिल्ह्यातील आमदारांनी मिळवावी. पुढच्या गोळीबारानंतर चौकशी अधिकारी पहिल्याच दिवशी हे आकडे मागेल, आणि तेव्हा ते नव्याने तयार करता येणार नाहीत.